निळा धूर आणि निर्दोष टर्बो
मालमोटारीच्या इंजिनात तेल नेमके कुठून जळते, हे शोधायचे कसे?

वडनेर (जि. वर्धा) : हिंगणघाट मागे टाकून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग वडनेरवरून पुढे वर्धा नदी ओलांडतो आणि यवतमाळ जिल्ह्यात शिरतो. एके काळी सातव्या क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि २०१० मधील फेररचनेनंतर ४४ क्रमांकाचा झालेला हा रस्ता म्हणजे उत्तर आणि दक्षिण भारतातील मालवाहतुकीची मुख्य वाहिनी. नागपूर ते हैदराबाद हे सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर भरल्या गाडीने कापणाऱ्या चालकाला वाटेत कशाची धास्ती वाटत असेल, तर ती आरशात दिसणाऱ्या निळसर धुराच्या शेपटीची. धूर निळा म्हणजे इंजिन वंगणाचे तेल जाळते आहे, एवढे त्याला ठाऊक असते. ते का जळते, या प्रश्नाचे उत्तर मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये बहुधा दोनच शब्दांत मिळते. एक तर 'टर्बो गेला', नाही तर 'रिंगा गेल्या'.

या दोन निदानांतील अंतर मोठे आहे. टर्बोचार्जर बदलायचा तर खर्च पाच आकडी रकमेत जातो. रिंगा, पिस्टन आणि लायनर बदलायचे म्हणजे इंजिन खोलावे लागते; तो खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो आणि गाडी कित्येक दिवस उभी राहते. एक-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या, दरमहा कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मालकासाठी हे उभे राहणेच अधिक महाग पडते. त्यातही दुर्दैव असे, की चुकीच्या निदानावर बसवलेला नवा टर्बो थोड्याच दिवसांत पुन्हा तेल ओकू लागतो. कारण बिघाड टर्बोत नसतोच. तो चोंदलेल्या हवेच्या गाळणीत, दबलेल्या नळीत किंवा इंजिनच्या पोटात साठलेल्या दाबात असतो. टर्बोतून तेल येणे आणि टर्बो खराब असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निदानाची सारी गुरुकिल्ली या भेदात आहे.

आधी धुराचा रंग

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. पांढरा धूर दोन प्रकारचा. थंड इंजिनात न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन तापल्यावर नाहीसा होतो. रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असेल, तर वाफेसारखा धूर इंजिन तापल्यावरही टिकतो आणि पाण्याची पातळी घटत जाते. निळा किंवा निळसर राखाडी धूर मात्र तेलाचा. तो हवेत रेंगाळतो आणि त्याला करपलेल्या तेलाचा उग्र वास असतो.

संध्याकाळच्या उजेडात, डांबरी रस्त्याच्या पार्श्वभूमीवर पांढरा धूरही निळसर भासतो. म्हणून रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडात, इंजिन पुरते तापल्यावर. सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर काही वेळ पांढरा कागद धरला, तर त्यावर कोरडी काजळी जमते की तेलकट डाग पडतात, हेही कळते. रांगेत किंवा माल उतरवण्याच्या ठिकाणी तासन्‌तास इंजिन चालू ठेवले असेल, तर सायलेन्सरच्या जोडांतून काळपट चिकट द्रव पाझरतो. तो पुष्कळदा अर्धवट जळलेल्या डिझेलचा असतो. अशा गाडीचा टर्बो काढण्याआधी ती भारासह पन्नासेक किलोमीटर पळवून पाहणे शहाणपणाचे.

रंगाइतकेच महत्त्व वेळेला आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा लोट येतो आणि काही मिनिटांत विरतो, तेव्हा संशय व्हॉल्व्हच्या गाईड आणि सीलवर जातो. रात्रीतून तेल तेथून खाली झिरपलेले असते. चढावर, भार असताना सतत निळा धूर राहत असेल, तर रिंगा आणि लायनर तपासावे लागतात. आदिलाबादच्या पुढे निर्मलकडे घाट लागतो. तेथे भरल्या गाडीचे असे दुखणे लपत नाही. इंजिन बराच वेळ स्लोवर उभे राहिल्यानंतर रेस देताच ढग उठतो, तेव्हा टर्बोकडे, किंबहुना टर्बोच्या भोवतालच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते. अर्थात हे केवळ संकेत आहेत, पुरावे नव्हेत.

रबराचे सील नसलेले यंत्र

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. कल्पना सोपी आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चाक फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन अधिक ताकद देते. भारतीय मालमोटारींत टर्बो रुळला तो १९९० च्या दशकापासून. टाटा आणि कमिन्स यांचा जमशेदपूरचा संयुक्त प्रकल्प १९९३ चा. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, तशी टर्बोविना मालमोटार दुर्मीळ होत गेली.

या यंत्राचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास, प्रसंगी त्याहून अधिक फेरे घेतो. त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. इंजिनच्या पंपाकडून दाबाने आलेले तेल बेअरिंगमधून जाते आणि खालच्या रुंद नळीतून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलपात्रात परत पडते. 'पडते' हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. येताना तेलाला पंपाचा रेटा असतो, जाताना केवळ गुरुत्वाकर्षण. वेगाने घुसळलेले हे तेल फेसाळते, म्हणून परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा कितीतरी जाड असते.

दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल अडवायला रबराचे सील असतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. मालमोटारींच्या बहुतेक टर्बोंत तेथे पिस्टनच्या रिंगेसारख्या धातूच्या बारीक रिंगा असतात. चालत्या टर्बोत चाकांच्या बाजूला हवेचा आणि धुराचा दाब असतो, बेअरिंगच्या बाजूला तो नगण्य असतो. या दाबाच्या फरकानेच तेल आत राहते. हा फरक उलटा झाला, की धडधाकट, अगदी खोक्यातून नुकता काढलेला टर्बोही तेल गाळू लागतो.

फरक कशाने उलटतो?

पहिला आरोपी हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर. कपाशीच्या पट्ट्यातील कच्च्या रस्त्यांवर उडणारी काळ्या मातीची धूळ, कापसाच्या हंगामात हवेत तरंगणारे तंतू आणि उन्हाळ्यातला फुफाटा यांनी तो चोंदतो. हवा दाबणारे चाक तरीही हवा ओढतच राहते. मग त्याच्या मागच्या बाजूला पोकळी निर्माण होते आणि ती बेअरिंगमधील तेल शोषून घेते. हे तेल दाबलेल्या हवेबरोबर इंटरकूलरमधून सिलिंडरमध्ये पोहोचते आणि जळते. बऱ्याच गाड्यांत फिल्टरजवळ लाल खूण दाखवणारे दर्शक असते. ते कुणी पाहत नाही, हा भाग वेगळा. फिल्टर काढून हवेच्या जोरदार झोताने झटकण्याची सवयही घातक आहे. त्याने कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि धूळ थेट चाकाच्या पात्यांवर आदळते. सर्वांत स्वस्त भागापासून तपासणी सुरू करायची ती यासाठी.

दुसरा आरोपी ब्रीदर. सिलिंडरमधून थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो बाहेर सोडणारी ही नळी. ती चिखलाने, तेलाच्या गाळाने किंवा वाकल्याने बंद झाली, की चेंबरमधला दाब वाढतो. परतीच्या नळीतून खाली पडणाऱ्या तेलाला हा दाब वर रेटतो. टर्बोचे बेअरिंग तेलाने तुडुंब भरते आणि तेल दोन्ही टोकांनी बाहेर पडते. नवा टर्बो बसवूनही निळा धूर न थांबण्यामागे पुष्कळदा अशी एखादी क्षुल्लक नळी असते.

तिसरी स्वतः परतीची नळी. ती चेपलेली असू शकते, चुकीच्या वळणाने बसवलेली असू शकते किंवा आतून काळ्या थराने अरुंद झालेली असू शकते. हा थर येतो कोठून? महामार्गावर जोरात आलेली गाडी ढाब्यावर थांबताच चावी फिरवली जाते. तेलपंप बंद पडतो, पण टर्बोचे टर्बाइनकडील टोक अजून प्रचंड तापलेले असते. तेथे अडकलेले तेल करपून कोळशासारखे होते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तर निवण्याला अधिकच वेळ लागतो. थांबल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन स्लोवर चालू ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. घाई दोन्ही बाजूंनी नडते. सकाळी इंजिन सुरू होताच रेस दिली, तर तेल पोहोचण्याआधीच दांडा वेग घेतो.

नळीच्या जोडावर गॅसकिटऐवजी किंवा त्याच्या जोडीला सिलिकॉनची पेस्ट फासण्याचा प्रकारही सर्रास चालतो. जादा पेस्ट आत सरकून तेलाची वाट अडवते. येणारी वाट अडली तर बेअरिंग जळते, परतीची अडली तर तेल गळते.

चौथे कारण ऐकायला विचित्र आहे. तेल गरजेपेक्षा जास्त भरलेले असणे! गाडी तेल खाते म्हणून चालक थोडे वरचढ भरून ठेवतो. पातळी इतकी चढते, की परतीच्या नळीचे तोंडच बुडते. मग गाडी आणखी तेल खाते आणि तो आणखी भरतो. डिपस्टिकवर वरची खूण असते ती पाळण्यासाठी. तेल न भरताच पातळी वाढत असेल, तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत आहे, असे समजावे.

नळ्या उघडा, मग बोला

एवढे पाहून झाल्यावर खरी परीक्षा येते. ती महागड्या यंत्राविना होते. त्यासाठी पान्हा, टॉर्च आणि थंड झालेले इंजिन पुरे.

आधी हवेची बाजू. फिल्टरकडून टर्बोकडे येणारी नळी काढायची. काही इंजिनांत ब्रीदर याच नळीत सोडलेला असतो. टर्बोच्या आधीच तेल दिसले, तर ते ब्रीदरमधून आलेले आहे. टर्बो बिचारा ते केवळ पुढे ढकलतो आहे. टर्बोच्या आधी कोरडे आणि नंतर ओले, म्हणजे तेल टर्बोतून येते आहे. इंटरकूलरच्या नळ्यांत तेलाचा पुसट थर असणे मात्र स्वाभाविक असते. नळी उलटी करताच तेल ओघळले, तर ते अस्वाभाविक.

मग धुराची बाजू. ही चाचणी सर्वांत निर्णायक आणि सर्वांत कमी केली जाणारी आहे, कारण तिला श्रम पडतात. इंजिनकडून टर्बोकडे धूर नेणारा मॅनिफोल्ड सोडवून त्याची तोंडे पाहायची. ती कोरडी आणि काजळीची असतील, पण टर्बोच्या पुढे सायलेन्सरकडचा पाइप तेलाने ओला असेल, तर तेल टर्बोच्या टर्बाइनकडून येते. मॅनिफोल्डच ओला असेल, तर टर्बोला दोष देण्यात अर्थ नाही. तेल सिलिंडरमधूनच येत आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये तेल जात नसल्याचे आधीच पाहिले असेल, तर आता इंजिनच तपासावे लागणार. सहा तोंडांपैकी एकच ओले असेल, तर दुखणे त्या एका सिलिंडरपुरते आहे, हेही तिथेच कळते.

शेवटी दांडा. तो बोटांनी हलवून पाहतात आणि हलला, की 'टर्बो खलास' असा निकाल देतात. येथे सावध राहावे लागते. तरंगत्या बेअरिंगचा दांडा तेल नसताना आडवा थोडा हलणारच. तशी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. हलवताना चाकाची पाती आवरणाला घासतात का, पात्यांच्या कडा झिजल्या किंवा तुटल्या आहेत का, हे पाहायचे. दांड्याची पुढे-मागे हालचाल मात्र जवळजवळ नसावी. ती हाताला स्पष्ट जाणवत असेल, तर टर्बो खरोखरच गेलेला आहे. नेमकी मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत मिलिमीटरच्या अंशांत दिलेली असते आणि ती डायल गेजने मोजतात.

रिंगांचा न्याय

रिंगा झिजल्या, की सिलिंडरमधला दाब मोठ्या प्रमाणात चेंबरमध्ये उतरतो. इंजिन तापवून स्लोवर ठेवायचे आणि तेल भरण्याच्या तोंडावरील झाकण सैल करून उलटे ठेवायचे. ते किंचित थरथरले तर ठीक. उडून पडू लागले आणि तोंडातून धुराचे फवारे येऊ लागले, तर चेंबरमध्ये दाब आहे. व्यवस्थित वर्कशॉपमध्ये हाच दाब पाण्याच्या नळीने मोजतात आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतात.

पण मालमोटारीत येथेही दोन चकवे आहेत. पहिला चकवा ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा. तो इंजिनलाच जोडलेला असतो आणि त्याच्या रिंगा झिजल्या, तर त्याची हवाही चेंबरमध्ये उतरते. हवेच्या टाकीखालची तोटी उघडल्यावर पाण्याबरोबर बरेच तेल आले किंवा टाकी भरून कॉम्प्रेसरचा भार उतरताच ब्रीदरचा जोर ओसरला, तर इंजिन खोलण्याची गरज नाही. दुसरा चकवा खुद्द टर्बोचा. त्याच्या झिजलेल्या रिंगांतून दाबाची हवा किंवा धूर परतीच्या नळीवाटे चेंबरमध्ये येतो आणि चाचणी इंजिनच्या रिंगांकडे बोट दाखवते. अशा वेळी परतीची नळी चेंबरपासून सोडवून भांड्यात सोडतात, चेंबरकडचे तोंड बुजवतात आणि इंजिन थोडा वेळ चालवून पाहतात. ब्रीदर शांत झाला, तर इंजिन निर्दोष.

हे सारे करायला अर्धा दिवस जातो. गॅरेजला हा वेळ परवडत नाही, कारण निदानाचे पैसे द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. पैसे मिळतात ते भाग बदलण्याचे. मालकही मिस्त्रीला 'बघायचे किती घेणार' असे विचारत नाही. चुकीचा टर्बो बदलला जाण्यामागे अज्ञानाइतकेच हे व्यवहाराचे गणितही आहे.

चावी काढली तरी न थांबणारे इंजिन

निळ्या धुराकडे दुर्लक्ष करण्याचा धोका केवळ खर्चाचा नाही. डिझेल इंजिन तेलावरही चालू शकते. टर्बोमागच्या इंटरकूलरमध्ये साचलेले तेल चढावर जोराने रेस देताच एकदम सिलिंडरमध्ये ओढले गेले, तर इंजिन स्वतःचे वंगण जाळत बेफाम वेग घेते. चावी बंद करून डिझेल तोडल्याने ते थांबत नाही. गाडी चालत असेल तर वरच्या गिअरमध्ये ब्रेक आणि क्लचच्या साह्याने इंजिन दाबून बंद पाडणे किंवा हवेचे तोंड सपाट, भक्कम वस्तूने झाकणे, एवढेच उपाय उरतात. हवेच्या तोंडाशी हात किंवा कापड नेणे जीवावर बेतू शकते. वेग हाताबाहेर गेला असेल, तर इंजिनपासून दूर पळणेच इष्ट.

टर्बो खरोखर बदलावा लागला, तर कामाची रीत ठरलेली आहे. तेल आणि ऑइल फिल्टर नवे, तेलाच्या नळ्या साफ किंवा नव्या, इंटरकूलर आतून धुतलेला. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील, तर त्यांचे तुकडे वाटेत राहिलेले नाहीत, याची खात्री. बसवताना टर्बोच्या तेलाच्या छिद्रात हाताने तेल घालतात आणि डिझेल तोडून इंजिन काही वेळा नुसते फिरवतात, म्हणजे पहिल्या फेऱ्यालाच बेअरिंग कोरडे राहत नाही. एवढे करूनही पहिले काही तास निळा धूर येऊ शकतो, कारण सायलेन्सरमध्ये मुरलेले जुने तेल जळायचे असते. ते ठाऊक नसल्याने नवा टर्बो सदोष समजून परत केल्याचे प्रकार घडतात.

धूर दिसेनासा झाला, तेव्हा

कायद्याच्या दृष्टीने धुराचा रंग गौण आहे. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीला रेस देऊन धूर किती अपारदर्शक आहे, एवढेच मोजतात. बीएस-४ गाड्यांसाठी ही मर्यादा १.६२, तर बीएस-६ साठी ०.७ प्रतिमीटर आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यानुसार प्रदूषणाच्या नियमभंगाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे इंजिन तेल खात नाही, असे नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी निदानाची जुनी खूणही पुसत आणली आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धुराचे कण अडवणारी गाळणी, डीपीएफ असते. जळलेल्या तेलाचा धूर तेथेच अडतो आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. काजळी या गाळणीत अधूनमधून जाळून टाकता येते. तेलातील रसायनांची राख मात्र जळत नाही, ती साचत जाते. गाळणी साफ करण्याची सूचना पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागते, इंजिनची ताकद उतरते, अखेर ही महागडी गाळणीच काढून धुवावी किंवा बदलावी लागते. जुन्या गाडीचा चालक आरशात पाहून जे ओळखत असे, ते ओळखायला नव्या गाडीत एकच साधन उरते. दर काही फेऱ्यांनी, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहायची आणि किती किलोमीटरमागे, किती डिझेलमागे किती तेल घातले, हे वहीत लिहून ठेवायचे.